बारा महिन्यांची वारी

दिंडी म्हटली की लोकांना आषाढ आठवतो. पताका, टाळ-मृदंग, वाखरीची गर्दी आणि वर्तमानपत्रातले फोटो. पण एखाद्या जुन्या माळकऱ्याला विचारून पाहा, "बाबा, तुमची वारी कधी असते?" तो हसून म्हणेल, "कधी नसते ते विचार." वारकऱ्याचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि फाल्गुनात संपते, आषाढ हा त्यातला एक महिना. आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. वाट, मुक्काम आणि पंगती यांबद्दल इतर मंडळी या ग्रंथात लिहीत आहेत. म्हणून मी या लेखात वारकऱ्याच्या वर्षातले सण, व्रते आणि पुण्यतिथ्या कोठून आल्या, कशा टिकल्या आणि त्यांत काय बदलले, याचा इतिहास मांडतो. शेवटी एक प्रश्नही विचारायचा आहे. तो पुढच्या शंभर वर्षांचा आहे.

चार वाऱ्या आणि शेतकऱ्याचे वर्ष

चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या पंढरीच्या चार मोठ्या वाऱ्या. चारही शुद्ध एकादशीच्या. पंढरपूरचे क्षेत्र आणि तिथे जाणारे भाविक हे ज्ञानेश्वर महाराजांच्याही आधीचे आहेत. इ. स. १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वराच्या काळचा शिलालेख आहे, त्यात पुंडलिकाचा निर्देश येतो. त्यानंतर यादवांच्या काळातला, शके ११९५ ते ११९९ या वर्षांतल्या देणग्यांची नोंद करणारा 'चौऱ्यांशीचा लेख' मंदिरात आहे. माउलींचे वडील विठ्ठलपंत यांच्या घरीही वारी होती, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्ञानदेव-नामदेवांनी वारी नव्याने काढली नाही. होती त्या वारीला त्यांनी कीर्तन दिले, ग्रंथ दिला, आणि अठरापगड जातींची संतमंडळी एका वाळवंटात आणली.

आता या चार वाऱ्या शेतीच्या कामाशेजारी ठेवून पाहा. चैत्रात खळी उरकलेली असतात, धान्य घरात आलेले असते, उन्हामुळे रान मोकळे असते. आषाढात मृगावर पेरून माणूस निघतो, पीक उगवून येईपर्यंत परत येतो आणि खुरपणीला लागतो. कार्तिकात बाजरी निघालेली असते, शाळू पेरलेला असतो. माघात शाळू कणसात असतो, काढणीला अजून थोडा अवकाश असतो. कार्तिकीला पंढरपुरात जनावरांचा बाजारही भरत आला आहे, म्हणजे देवदर्शन आणि बैलजोडी एकाच फेरीत. वारी कुणी शेतीचा विचार करून आखली असे म्हणता येणार नाही. पण शेतकऱ्याच्या वर्षात ती अशी बसली की सातशे वर्षे निघाली नाही.

या बसण्यात एक अडचण मात्र कायमची आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो. तो भरून काढायला १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात. त्यामुळे आषाढी कधी जूनच्या अखेरीस तर कधी जुलैच्या अखेरीस पडते. २०१५ साली अधिक आषाढ होता, तेव्हा आषाढी एकादशी २७ जुलैला आली. २०२३ साली ती २९ जूनला होती आणि आळंदीहून प्रस्थान ११ जूनला झाले. मृग नुकताच निघाला होता, पेरणी व्हायची होती. अशा वर्षी घरातल्या एकाने मागे राहायचे आणि एकाने निघायचे, ही वाटणी घरोघर होते. जो मागे राहतो त्याची वारी चुकली असे आपल्याकडे मानत नाहीत. त्याच्या पाठीवर घर ठेवूनच दुसरा चालत असतो.

एकादशी : नेमाचा कणा

वर्षाला २४ एकादश्या, अधिक महिना आला तर २६. माळ घातली की एकादशी आली, हरिपाठ आला, वारी आली. महिन्याचे वारकरी शुद्ध एकादशीला पंढरीला आणि वद्य एकादशीला आळंदीला जातात. ज्याला जमत नाही तो गावच्या देवळात जागर करतो. दशमीला एकभुक्त, एकादशीला उपवास, रात्री कीर्तन, आणि द्वादशीला बारस सोडायची. हा तीन दिवसांचा फेरा महिन्यातून दोनदा येतो.

नव्या पोरांना पंचांगातल्या 'स्मार्त' आणि 'भागवत' या दोन एकादश्यांचा घोळ होतो. गोष्ट सोपी आहे. सूर्योदयाआधीच्या चार घटिका, म्हणजे ९६ मिनिटे, हा अरुणोदय. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर एकादशीला दशमीचा वेध झाला असे भागवत संप्रदाय मानतो आणि उपवास दुसऱ्या दिवशी धरतो. आपण वारकरी भागवत एकादशी करतो. वरवर पाहता ही नुसती मिनिटांची गोष्ट. पण या मिनिटांमुळेच घड्याळ आणि कॅलेंडर येण्याच्या कितीतरी आधीपासून दूरदूरच्या गावांतली माणसे एकाच दिवशी उपाशी राहत आली आणि एकाच रात्री जागत आली.

आषाढी एकादशीला देव निजतो आणि कार्तिकीला जागा होतो, अशी समजूत. मधले चार महिने चातुर्मास. गंमत अशी की पंढरीत त्याच आषाढीच्या यात्रेत देवाला निजायलाच मिळत नाही. यात्रेआधी विठोबाचा पलंग काढतात आणि दर्शन चोवीस तास खुले राहते. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते आणि देवाचा शिणवटा काढतात. मग नेहमीचे नित्योपचार सुरू होतात. कार्तिकीलाही असेच. भक्तांसाठी देवाने झोप सोडायची, ही रीत शास्त्राच्या पुस्तकात शोधायला जाऊ नका. ती पंढरीची आहे.

देवाच्या घरचे सणही असेच बारा महिने चालतात. वसंत पंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचा विवाह लागतो आणि तेव्हापासून रंगपंचमीपर्यंत देवाच्या अंगावर पांढरा पोशाख असतो. पाडव्यापासून उन्हाळ्यात चंदनउटी. मार्गशीर्षात देव विष्णुपदावर राहायला जातो, म्हणून पंढरपूरकर डबे बांधून तिकडे जेवायला जातात. घरच्या वडीलधाऱ्याला ऋतू पाहून जपावे तसे हे जपणे आहे.

संतांच्या तिथ्या

वारकरी संतांच्या जयंतीपेक्षा पुण्यतिथी अधिक पाळतात. कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६. माउलींनी आळंदीत समाधी घेतली. पंढरीची कार्तिकी झाली की वारकरी आळंदीची वाट धरतात आणि वद्य एकादशीला तिथली यात्रा भरते. ही यात्रा सुरू होते वद्य अष्टमीला, हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनाने. ज्याने पालखी चालवली त्याचा मान आधी.

त्यानंतर एका महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सासवडला सोपानकाकांची समाधी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. मुक्ताईंचा सोहळा वैशाखात, तापीकाठी. भावंडांच्या या तिथ्या ओळीने पाहिल्या तर एका घराचे दुःख अख्ख्या समाजाने वाटून घेतले, वर्षभर पुरवले, असे वाटते.

चैत्र वद्य त्रयोदशीला तेरला गोरोबाकाका. वैशाख वद्य पंचमीला चोखोबा. आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरीत नामदेवराय आणि जनाबाई, दुसऱ्या दिवशी अरणला सावता महाराज. श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराज, माघ वद्य तृतीयेला नरहरी सोनार. कुंभार, शिंपी, दासी, माळी, न्हावी, सोनार. वर्षातला एकही मोसम असा नाही की ज्यात कुठल्या ना कुठल्या कष्टकऱ्याची पुण्यतिथी येत नाही.

फाल्गुन वद्यात दोन मोठ्या तिथ्या चार दिवसांच्या अंतराने येतात. द्वितीयेला देहूची बीज, षष्ठीला पैठणची नाथषष्ठी. बीजेचे साल काढताना चूक होते, म्हणून सांगतो. तुकोबारायांचे वैकुंठगमन शके १५७१ चे धरतात. शकात ७८ मिळवले की १६४९ येते. पण फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी नवे साल लागलेले असते. म्हणून ते साल १६५० होते. नाथषष्ठी १५९९ ची. जनार्दनस्वामींच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या घटनाही याच षष्ठीला घडल्या असे सांप्रदायिक सांगतात, म्हणून तिला पंचपर्वा षष्ठी म्हणतात.

यात भाद्रपद वद्य षष्ठी विसरू नये. नेवाशात शके १२१२ मध्ये सांगितलेली ज्ञानेश्वरी पुढे हातोहात उतरवताना अशुद्ध होत गेली. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली. त्याची आठवण म्हणून या दिवशी ज्ञानेश्वरी जयंती करतात. ग्रंथ नीट वाचता यावा म्हणून झालेल्या मेहनतीचा हा सण आहे. आळंदीत १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली, तीही याच वळणावरची. आज गावोगाव जे कीर्तनकार उभे राहतात त्यांतले कितीतरी त्या संस्थेच्या ओट्यावर शिकले.

सप्ताह आणि काला

गावातले सण म्हणजे काकडा आणि सप्ताह. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा चालतो. थंडीत पाच वाजता देवळात टाळ वाजला की अख्खे गाव उठते, न येणाऱ्यालाही जाग येते. अखंड हरिनाम सप्ताह सात दिवसांचा. वीणा खाली ठेवायची नाही, पहारे वाटून घ्यायचे, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. नगर-वैजापूरकडे सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेचा श्रावणातला सप्ताह फार मोठा. तिथे घरोघरच्या भाकरी येतात आणि कढईतली आमटी. हजारोंची पंगत उठते ती गावोगावच्या चुलींच्या जोरावर.

सप्ताह संपतो काल्याने. आषाढी वारीही पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने संपते आणि मगच पालख्या परत फिरतात. लाह्या, पोहे, दही, लोणचे एकत्र करायचे आणि एकमेकांच्या तोंडात घालायचे. काल्यात कुणाचा घास कुणाच्या हातचा, हे विचारायचे नाही.

विचारायचे नाही हे खरे, पण विचारले जात होते. शताब्दीच्या ग्रंथात फक्त गोड लिहून चालणार नाही. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत पडून गेले, इ. स. १३३८ मध्ये. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. जिवंतपणी त्यांना आत जाता आले नाही, आणि पुढे सहाशे वर्षे त्यांच्या वंशातल्या, त्यांच्या जातीतल्या वारकऱ्यालाही तिथूनच हात जोडून फिरावे लागले. आपली दिंडी निघाली तेव्हाही हेच चालू होते. म्हणजे आपल्या शंभर वर्षांतली पहिली वीसेक वर्षे अशी की आषाढी एकादशीला पायी पोचूनही काही माळकऱ्यांना विटेवरचे रूप दिसत नव्हते. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, ते १० मे पर्यंत. त्यानंतर दार उघडले. आणि पंगतीचे म्हणाल तर इरावती कर्वे बाईंनी 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवले आहे. त्या ज्या दिंडीत चालल्या तिथे भजन एकत्र होते, पण ब्राह्मणांची आणि मराठ्यांची चूल वेगळी होती. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनाही अशा चुली आठवतील. काला दरवर्षी होत होता, त्याचा अर्थ मात्र सावकाश कळत गेला.

काय हलले, काय हलले नाही

पालखी सोहळ्याचा इतिहास म्हणजे बदलांचाच इतिहास आहे. पूर्वी लोक आपापल्या दिंडीने जात. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत घेतल्या आणि देहूहून आळंदीमार्गे एकत्र सोहळा सुरू केला. पुढे आरफळचे हैबतबाबा, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीतले सरदार, सगळे सोडून माउलींच्या पायाशी आले. त्यांनी १८३२ मध्ये माउलींचा सोहळा स्वतंत्र केला. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे, दिंड्यांचा क्रम, रथापुढच्या २७ दिंड्या, रिंगण, समाजआरती ही शिस्त तेव्हापासूनची. म्हणजे आज आपण ज्याला अनादी समजतो त्यातले बरेचसे दोनशे वर्षांच्या आतले आहे.

त्यानंतर आणखी बदल झाले. बैलगाड्यांच्या जागी ट्रक आले, राहुट्यांच्या जागी तंबू आले, विहिरीच्या जागी टँकर. २०२० साली करोनाची साथ होती. आषाढी १ जुलैला होती आणि दशमीला पादुका एसटी बसने पंढरीला नेल्या. २०२१ सालीही, २० जुलैच्या आषाढीला, तेच झाले. हजारो दिंड्या घरी बसल्या. आपलीही बसली. लोक रडले. पण त्या दोन वर्षांत एकादशी चुकली का? हरिपाठ चुकला का? ज्यांच्या घरी वर्षभराचा नेम होता त्यांचे पाय थांबले, वारी थांबली नाही. आणि ज्यांच्याकडे वारी म्हणजे वर्षातले अठरा-वीस दिवस एवढेच होते, त्यांच्याकडे त्या वर्षी काहीच उरले नाही. एवढा स्पष्ट धडा आपल्याला शंभर वर्षांत दुसरा मिळालेला नाही.

या सगळ्या उलथापालथीत हलली नाही ती तिथी. पालखीचे वेळापत्रकच तिथीला धरून असते. तिथीची वृद्धी झाली, क्षय झाला, तर लोणंदचा मुक्काम लांबतो वा आखडतो, पण दशमीला वाखरीहून पंढरीत शिरायचे म्हणजे शिरायचे. मुक्काम तिथीपुढे वाकतात, तिथी मुक्कामापुढे वाकत नाही.

म्हणून तो प्रश्न

आता गावोगाव एक चर्चा ऐकू येते. पोरे कंपनीत कामाला, पुण्या-मुंबईला. पुण्यतिथीचे कीर्तन मंगळवारी आले तर ऐकायला चार म्हातारी आणि माइक. मग कुणी म्हणते, "रविवारी घेऊ की. गर्दी होईल, वर्गणीही जमेल." त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. माणसेच नसतील तर तिथी पाळून काय करायचे?

दुसरी बाजूही पाहावी. परंपरेनेही दिवस निवडले आहेत. निवृत्तिनाथांची समाधी ज्येष्ठ वद्य द्वादशीची, पण त्र्यंबकेश्वरची मोठी यात्रा पौष वद्य एकादशीला भरते. ज्येष्ठ वद्यात पालख्या पंढरीच्या वाटेला असतात हे लक्षात घेतले तर ते सोयीचेच झाले आहे. पण नीट पाहा, तिथेही एका तिथीऐवजी दुसरी तिथीच धरली, तीही एकादशी, आणि मग ती कायमची केली. यंदा हा रविवार, पुढच्या वर्षी तो शनिवार, असे केले नाही. दिवस ठरलेला असला की निरोप पाठवावा लागत नाही. कुणाचा फोन न येता माणूस त्या दिवशी देवळात येतो. दरवर्षी ठरवावा लागणारा दिवस हळूहळू कार्यक्रम होतो, आणि कार्यक्रम कधीतरी रद्द होतो.

तेव्हा माझे मत असे. सप्ताह कधी बसवायचा हे पूर्वीपासून गावच ठरवत आले आहे, तो सुट्ट्या बघून बसवायला हरकत नाही. मोठी पंगत, सत्कार, कीर्तन महोत्सव रविवारी घ्या. पण एकादशी आणि संतांच्या पुण्यतिथ्या जागच्या हलवू नयेत. त्या दिवशी चारच माणसे आली तर चौघांनी हरिपाठ म्हणावा, वीणेला हार घालावा, खिरापत वाटावी. बाहेरगावच्या पोरांनी कामावरून आल्यावर आपल्या खोलीत हरिपाठ म्हणावा. त्याला रजा लागत नाही.

दुसरे, दिंडीच्या वहीत फक्त आषाढीचा जमाखर्च नको. चैत्र ते फाल्गुन प्रत्येक तिथीला कोण आले, कीर्तन कुणाचे झाले, वीणा कुणी धरली, हे लिहिले जावे. बायकांची नावेही लिहावीत. तुळस डोक्यावर घेऊन त्या चालल्या, काल्याच्या भाकरी त्यांनी थापल्या, पण जुन्या वह्यांतून त्यांची नावे सापडत नाहीत.

तिसरे, चोखोबांची वैशाख वद्य पंचमी. ही तिथी लग्नसराईत येते आणि बहुतेक ठिकाणी तशीच निघून जाते. नव्या शतकात आपल्या दिंडीने ती तिथी माउलींच्या आणि तुकोबांच्या तिथीइतक्याच मानाने करावी, आणि त्या दिवसाचा काला गावातल्या सगळ्या आळ्यांनी मिळून करावा. शंभर वर्षांत जे उशिरा कळले ते पुढच्या पिढीला पुन्हा उशिरा कळू नये, एवढ्यासाठी.

आषाढात दिंडी निघेलच, तिची काळजी नाही. काळजी आहे ती श्रावणातल्या, पौषातल्या, फाल्गुनातल्या त्या संध्याकाळांची, जेव्हा ना गर्दी असते ना कॅमेरा, आणि देवळाची किल्ली एकाच म्हाताऱ्याकडे असते. त्याच्याबरोबर बसायला दोघे-तिघे जरी तयार झाले तरी या दिंडीचे दुसरे शतक सुरू झाले असे समजावे.

रामकृष्णहरी.